रेलिंग लावलंय ना?

१९९५ या एका वर्षात दोन घटना घडल्या. एक ऑगस्टमध्ये अमेरिकेत, दुसरी नोव्हेंबरमध्ये दिल्लीत. दोन्हींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. पण नवी मुंबईतल्या रुग्णालयांत सत्तरी-ऐंशीच्या रुग्णाच्या खाटेचे कठडे रोज रात्री खट्‌कन वर का केले जातात, हे समजून घ्यायचं तर या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात.

२३ ऑगस्ट १९९५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, रुग्णालयं आणि शुश्रूषागृहांना एक धोक्याचा इशारा पाठवला. खाटेच्या कठड्यात रुग्णाचं डोकं किंवा अंग अडकल्याच्या १०२ घटना १९९० पासून त्यांच्याकडे नोंदल्या गेल्या होत्या. त्यांपैकी ६८ रुग्ण दगावले होते, २२ जखमी झाले होते आणि फक्त १२ जण इजा न होता सुटले होते. रुग्ण पडू नये म्हणून लावलेल्या वस्तूनेच हे मृत्यू ओढवले होते.

१३ नोव्हेंबर १९९५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या खटल्याचा निकाल दिला. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असं त्यात स्पष्ट झालं. रुग्ण हा ग्राहक ठरला. खाटेवरून पडून आजीचं खुब्याचं हाड मोडलं, तर तिच्या मुलाला ग्राहक मंचाचं दार मोकळं झालं.

हा निकाल योग्यच होता. पण त्यानंतर खासगी रुग्णालयांना पडलेल्या रुग्णाची जी धास्ती बसली, ती झपाट्याने वॉर्डावॉर्डांत पोहोचली. तीन महिने आधीचा तो अमेरिकी इशारा मात्र आपल्या वॉर्डांपर्यंत फारसा आलाच नाही.

नवी मुंबईतल्या वॉर्डात या वस्तूला सगळे ‘रेलिंग’ म्हणतात. खाट ‘फॉलर’ असते नाहीतर ‘सेमी-फॉलर’. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला अर्धवट बसवून ठेवावं असं सांगणारे अमेरिकी शल्यचिकित्सक जॉर्ज फॉलर यांचं नाव असं आपल्या मावशी आणि वॉर्डबॉय यांच्या तोंडी जाऊन बसलं आहे. पायथ्याचं हँडल फिरवून पाठ वर करण्याची युक्ती मात्र विलिस गॅच यांची, १९०९ ची. या खाटेच्या दोन्ही बाजूंना स्टीलच्या आडव्या नळ्यांचं रेलिंग असतं. स्प्रिंगचा खटका ओढला की ते आडवं होत खाली मिटतं, वर उचललं की खटका बसतो. खाट जुनी झाली की हा खटका सैल होतो, आणि मग रेलिंग गॉजच्या पट्टीने खाटेच्या दांड्याला बांधून ठेवलेलं दिसतं. दिवे मंद करण्याआधी सिस्टर फेरी मारतात तेव्हा त्यांचा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो, “रेलिंग लावलंय ना?” आणि रात्री थांबलेला मुलगा किंवा सून “हो सिस्टर, लावलंय” म्हणून निश्चिंत होते.

ही निश्चिंती कुठून आली, याचा इतिहास शंभरेक वर्षांचा आहे. त्याची मुळं त्याहूनही मागे जातात.

आपल्याकडे खाटेवरून पडणं हा मुळात मोठा प्रश्न नव्हता, कारण घरातली म्हातारी माणसं बहुधा जमिनीवर झोपत. सतरंजी, गादी, फार तर ठेंगणी बाज. तापात वात झाला, माणूस बरळत उठू लागला, तर उशाशी बसलेलं कुणीतरी त्याला धरून ठेवी. १८४५ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालय सुरू झालं आणि इंग्रजी धर्तीच्या इस्पितळाबरोबर उंच खाटही आली. खाटेची ही उंची रुग्णाच्या सोयीची नव्हती. डॉक्टरला तपासायला आणि परिचारिकेला न वाकता काम करायला सोपं जावं, म्हणून ती तशी होती.

माणसाला खाटेतच अडकवून ठेवण्याची कल्पना मात्र मनोरुग्णालयांतली. न्यूयॉर्क राज्यात युटिका इथे १८४० च्या दशकात एका फ्रेंच नमुन्यावरून खास खाट बनवली गेली. चारी बाजूंनी लाकडी गज आणि वरून गजांचंच झाकण. रुग्णाला आत निजवायचं आणि झाकण बंद करायचं. आत कुशीवर वळता येई, उठून बसता येत नसे. ‘युटिका क्रिब’ म्हणून ती कुप्रसिद्ध झाली. तिथले अधीक्षक डॉ. आल्डर ब्लूमर यांनी १८८७ मध्ये या सगळ्या खाटा हटवल्या. त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी, १८३९ मध्ये, लंडनजवळच्या हॅनवेल मनोरुग्णालयात डॉ. जॉन कॉनोली यांनी साखळ्या, पट्टे आणि बांधायची सगळी साधनं बंद करून दाखवली होती. कॉनोलींचा आग्रह साधा होता. बांधायचं नसेल तर सेवक जास्त लागतात आणि ते चांगले लागतात. पुढची दीडशे वर्षं हा हिशेब कुणाला चुकवता आलेला नाही.

आजचं रेलिंग हे युटिकाच्या खाटेचं थेट वारस नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मोठ्या माणसांच्या खाटांना लावायचे कठडे सुटे असत. वात झालेला रुग्ण, भूल उतरत असलेला रुग्ण अशांपुरते ते लावले जात आणि काम झालं की काढून ठेवले जात. सेवेला माणसं पुरेशी असतील तर त्यांची गरजही कमी भासे. चित्र पालटलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. परिचारिका आघाडीवर गेल्या आणि मागे रुग्णालयांत त्यांची वाण पडली. युद्ध संपल्यावर नवी रुग्णालयं भराभर उभी राहिली, पण परिचारिका तेवढ्या मिळेनात. एका रात्रपाळीला एक परिचारिका आणि तिच्याकडे भरगच्च वॉर्ड. त्यात पडलेल्या रुग्णांचे दावे कोर्टात जाऊ लागले. सुटा कठडा खाटेचाच भाग बनून येऊ लागला, आणि ‘गरज असेल तर लावा’ याचं ‘म्हातारा असेल तर लावाच’ असं झालं. कठडा पडणं थांबवतो का, हे तोवर कुणी धड मोजून पाहिलं नव्हतं. डोळ्यांना दिसणारी, केस पेपरवर लिहिता येणारी आणि स्वस्त अशी ती एकच गोष्ट होती, एवढंच.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एक डॉक्टर बाई वेगळा प्रश्न विचारत होत्या. मार्जरी वॉरन. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे १९३५ मध्ये शेजारच्या गरीबखान्याचे रुग्ण आले, ७०० हून अधिक. त्यांतले कित्येक म्हातारे वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले, कारण त्यांना उठवायचा विचारच कुणी केला नव्हता. वॉरन यांनी एकेकाला तपासलं, उपचार सुरू केले, बसवलं, चालवलं आणि पुष्कळांना घरी पाठवलं. वृद्धांची वेगळी वैद्यकशाखा तिथे जन्माला आली. १९४७ मध्ये रिचर्ड आशर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये खाटेवर पडून राहण्याचे धोके सांगणारा लेख लिहिला, तो आजही डॉक्टरांना वाचायला सांगतात. फुप्फुसं, रक्तवाहिन्या, सांधे, त्वचा, मूत्राशय, मन यांपैकी पडून राहिल्याने न बिघडणारं काहीच नाही, असा त्याचा आशय. म्हाताऱ्या माणसाला खाटेवरून पडण्याचा धोका जितका खरा आहे, तितकाच खाटेवर राहण्याचाही आहे. रेलिंगचा विचार करताना नेमकी ही दुसरी बाजू नजरेआड होते.

अमेरिकेला हे उमगायला आणखी चाळीस वर्षं लागली. १९८० च्या दशकात तिथल्या शुश्रूषागृहांत वृद्धांना पट्ट्यांनी, बंड्यांनी, खुर्चीच्या आडव्या फळीने जखडून ठेवणं सर्रास चाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लोइस इव्हान्स आणि नेव्हिल स्ट्रम्फ या दोन परिचर्या-प्राध्यापिकांनी १९८९ मध्ये या विषयावर जो निबंध लिहिला, त्याने डॉक्टरी जगाला खडबडून जागं केलं. बांधल्याने पडणं कमी होतं याला धड पुरावाच नाही, असं त्यांनी दाखवून दिलं. त्याआधी १९८७ मध्ये तिथल्या संसदेने शुश्रूषागृहांसाठी कायदा केलाच होता. शिक्षा म्हणून किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कुणाला बांधता येणार नाही. हा कायदा मनावर घेतला गेला. १९९१ मध्ये पाचांतला एक रहिवासी बांधलेला असे, २००७ पर्यंत ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं.

पट्टे सुटले, पण कठडे राहिले. मिनेसोटा विद्यापीठातले डॉ. स्टीव्हन माइल्स आणि त्यांच्या सहकारी कारा पार्कर यांनी १९९७ मध्ये कठड्यांमुळे झालेल्या ७४ मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यात कुणी हलगर्जीपणाने रुग्णाला टाकून दिलेलं नाही. सगळं नेहमीसारखं चाललेलं आहे. रेलिंग वर आहे, रुग्ण झोपला आहे. रात्री तो ग्लानीत कडेला सरकतो. त्याच्या भाराने गादीची कड दबते आणि गादी व रेलिंग यांच्यात फट पडते. कंबर, पाय, धड त्या फटीतून खाली घसरतात आणि डोकं किंवा छाती अडकते. म्हातारपणी अंगावर मांस नसतं, म्हणून शरीर सहज निसटतं. दंडांत जोर नसतो, म्हणून स्वतःला वर ओढता येत नाही. मान दबलेली असल्याने हाक मारता येत नाही. सकाळी सहाला कुणी चहा घेऊन येतं, तोवर उशीर झालेला असतो.

एफडीएने पुढे १९९९ मध्ये उत्पादक, रुग्णालयं आणि रुग्णांच्या संघटना यांना एकत्र बसवलं. त्यातून मार्च २००६ मध्ये मार्गदर्शिका निघाली. खाटेवर माणूस अडकू शकेल अशा सात जागा तिने दाखवून दिल्या. रेलिंगच्या दोन नळ्यांमधली मोकळी जागा, रेलिंगखालची जागा, रेलिंग आणि गादी यांच्यातली फट, रेलिंगच्या टोकाशी खालच्या बाजूला उरणारा कोपरा, दोन तुकड्यांचं रेलिंग असेल तर त्या तुकड्यांमधली जागा, रेलिंगचं टोक आणि उशाकडची किंवा पायथ्याची फळी यांच्यामधली जागा आणि शेवटी गादी व फळी यांच्यामधली. यांतल्या पहिल्या तीन जागांसाठी शिफारस अशी की फट १२० मिलिमीटरपेक्षा कमी हवी, कारण तेवढ्यातून माणसाचं डोकं आत जाता कामा नये. १२ सेंटीमीटर. शिवणकामाच्या टेपने घरबसल्या मोजता येईल असं माप.

१९८५ पासून २००९ च्या आरंभापर्यंत एफडीएकडे अशा ८०३ घटनांची नोंद झाली. ४८० मृत्यू, १३८ जखमी, आणि १८५ जण वेळेवर कुणी धावून आल्यामुळे वाचलेले. यांतले बहुतेक रुग्ण वृद्ध, अशक्त किंवा गोंधळलेले होते. लाखो खाटांच्या देशात हा आकडा लहान वाटेल. पण हे मृत्यू आजाराने झालेले नव्हते, फटीमुळे झालेले होते, आणि फट बुजवता येते.

आता अपघाताचा दुसरा प्रकार. हा जास्त घडतो आणि आपल्याकडच्या कुठल्याही सिस्टरना विचारलं तर त्या लगेच मान डोलावतील. शुद्ध थोडी हरवलेला, पण पायांत अजून जीव असलेला माणूस रेलिंग पाहून थांबत नाही. तो त्यावरून चढतो, नाहीतर पायथ्याशी सरकत जाऊन तिथून उतरू पाहतो. आता तो गादीच्या उंचीवरून नव्हे, रेलिंगच्या उंचीवरून पडतो, आणि बहुधा डोक्यावर पडतो. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्च शहरात वृद्धांच्या वॉर्डांत रेलिंगचा वापर मुद्दाम कमी करून पाहिला गेला. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. पडणं वाढलं नाही. गंभीर इजा मात्र कमी झाल्या.

म्हणून सगळी रेलिंग उपटून टाकायची का? नाही. ब्रिटनमध्ये फ्रान्सेस हीली, डेव्हिड ऑलिव्हर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले. जुन्या घडणीच्या आणि चुकीच्या बसवलेल्या कठड्यांनीच बहुतेक थेट अपघात होतात, आणि दुसरी काही सोय न करता सरसकट कठडे काढणंही धोक्याचंच, असं त्यांना दिसलं. अर्धांगवायूने एक बाजू लुळी पडलेला रुग्ण, स्ट्रेचरवरून नेला जाणारा रुग्ण, कुशीवर वळताना आधार मागणारी आजी, यांच्यासाठी रेलिंग उपकाराचं आहे. प्रश्न वस्तूचा नाही. ती कुणासाठी वर केली, कुणी विचार करून केली आणि ती लावून कुणाला हटवलं, हा आहे.

नवी मुंबईच्या बाबतीत हा प्रश्न आत्ताच ऐरणीवर येण्याचं कारण या शहराच्या वयात आहे. १७ मार्च १९७० रोजी हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली. १९७३ मध्ये खाडीपूल झाला, मे १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला लोकल आली आणि त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून महापालिकेचा कारभार सुरू झाला. दादर-परळच्या चाळींतून, सातारा-सांगलीहून, बाजार समितीपाठोपाठ मसजिद बंदरातून इथे आलेली माणसं तेव्हा तिशी-चाळिशीची होती. सिडकोच्या घरांत त्यांची पोरं वाढली. शहराला तेव्हा बाळंतपणाच्या सोयी हव्या होत्या, आणि महापालिकेने बेलापूर-तुर्भ्यासारख्या ठिकाणी माता-बाल रुग्णालयं काढली ती याच गरजेतून. नेरूळ, वाशी, कामोठे, बेलापूर इथे पुढे मोठमोठी रुग्णालयं उभी राहिली. २०१६ मध्ये बेलापूरला अपोलोही आलं. त्या तिशीच्या माणसांनी आता सत्तरी-ऐंशी गाठली आहे. सकाळी विरंगुळा केंद्रात गप्पा मारणारे, ज्येष्ठ नागरिक संघाचे पदाधिकारी, करावे-सानपाड्याच्या गावठाणातल्या आज्या, या सगळ्यांच्या वाट्याला कधी ना कधी न्यूमोनियाने, सोडियम घसरल्याने किंवा लघवीच्या संसर्गाने चार-सहा दिवसांची खाट येते. मुलं पुण्यात, बंगळूरला, न्यू जर्सीत. रात्री थांबायला ब्युरोची बाई.

खासगी रुग्णालयांनी या पिढीसाठी तयारी केली नाही असं नाही. मानांकनाच्या निकषांत पडण्याचा धोका नोंदवणं आलं आणि मनगटावर रंगीत पट्टी, खाटेशी पाटी आली. कॅनडाच्या जॅनिस मोर्स यांची १९८० च्या दशकातली गुण देण्याची पद्धत इथल्या सिस्टर्सना आज पाठ आहे. पण गुण मोजून झाल्यावर करायचं काय, याचं उत्तर पुष्कळ ठिकाणी तेच एक येतं. रेलिंग वर करा आणि तशी नोंद करा. नातेवाइकांकडून कागदावर सही घ्या. नोंद झाली की रुग्णालय सुरक्षित होतं. रुग्ण झाला का, हे रात्री दोन वाजता कळतं.

रात्री दोनला बहुतेक वेळा एकच गोष्ट घडते. आजोबांना लघवीला जायचं असतं. संध्याकाळी सातला लघवी होण्याचं औषध दिलेलं असतं, चष्मा कपाटात असतो, कानाचं यंत्र घरी राहिलेलं असतं, हाताला सलाईन, आणि कॉलबेलची वायर खाटेमागे लोंबत असते. जन्मभर कधी अंथरूण ओलं न केलेला माणूस डायपरमध्ये लघवी करायला राजी नसतो. तो उठणारच. त्यात डिलिरियम, म्हणजे वात, असेल तर आपण कुठे आहोत हेच त्याला उमगत नाही. समोर गज दिसतात आणि कुणीतरी कोंडून ठेवलंय असं वाटून तो आणखी बिथरतो. मग मनगटाला पट्टी बांधली जाते, झोपेचं इंजेक्शन दिलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी घरचे विचारतात, “काल बोलत होते, आज असे का झाले?”

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या शेरॉन इनूये यांनी याच्या उलट वाट दाखवली. ८५२ वृद्ध रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये आला. रुग्णाला वेळ-जागा सांगत राहा, चष्मा आणि कानाचं यंत्र द्या, पाणी पाजा, दिवसा चालवा, रात्री औषधाऐवजी कोमट दूध आणि शांतता द्या. एवढ्यावर डिलिरियमचं प्रमाण नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या रुग्णांतल्या १५ टक्क्यांऐवजी ९.९ टक्केच राहिलं. यात महागडं यंत्र एकही नाही. आहे ते फक्त माणसाचं काम.

माणसाने काय होतं याचा पुरावा खाडीपलीकडे परळला आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला आणि त्या कायमच्या अचेतनासारख्या अवस्थेत गेल्या. १८ मे २०१५ रोजी त्या वारल्या. तोवर जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, कुशीवर वळवलं. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेची मुक्त कंठाने वाखाणणी केली. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नव्हता. आपल्या वॉर्डांतल्या परिचारिकाही त्याच महाराष्ट्रातल्या, त्याच तोडीच्या आहेत. फरक इतकाच की भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाचांमागे एक असं असताना रात्रपाळीची सिस्टर त्याच्या कित्येक पट रुग्ण एकटीने सांभाळत असते. तिला दोष देणं अन्यायाचं होईल.

माणूस खाटेपासून दूर गेला की काय होतं, हे २०२० च्या उन्हाळ्यात सगळ्या राज्याने पाहिलं. आपल्या रुग्णालयांचा अर्धा भार नातेवाईक उचलत आले होते. करोनाने त्यांना दाराबाहेर ठेवलं. वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये १,२०० खाटा मांडल्या गेल्या. पीपीई किटमध्ये गुदमरणाऱ्या मोजक्या हातांनी तिथे आणि इतरत्र जे केलं त्याला तोड नाही. तरीही जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयात बेपत्ता झालेली ८२ वर्षांची एक रुग्ण काही दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात मृतावस्थेत सापडली. अधिष्ठात्यांसह काही जणांचं निलंबन झालं. तिथे रेलिंगचा प्रश्न नव्हता. म्हातारं माणूस एकटं उठून स्वच्छतागृहाकडे जातं आणि त्याच्यामागे कुणी नसतं, हा होता.

या सगळ्यात एका कायद्याकडे लक्ष द्यायला हवं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. त्याचं ९७ वं कलम मनोरुग्णाला बांधण्याबद्दल आहे. तातडीचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तरच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरत्या वेळासाठी आणि नोंद करून. शिवाय कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणाने बांधता येणार नाही, असं ते स्वच्छ शब्दांत सांगतं. ठाण्याच्या मनोरुग्णालयातल्या रुग्णाला हे संरक्षण आहे. वाशी-नेरूळच्या जनरल वॉर्डात न्यूमोनियाने दाखल झालेल्या, डिलिरियममध्ये गेलेल्या आजींना असं स्पष्ट संरक्षण कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. ते असायला हवं. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून चालू आहे आणि जे. जे. त्याचं विभागीय केंद्र आहे. तिथून ही मागणी पुढे रेटली जाऊ शकते.

धोका आता घरातही आला आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर सर्जिकलच्या दुकानातून फॉलर बेड भाड्याने येतो, सोबत शय्याव्रण होऊ नये म्हणून हवेची गादी, जिला सगळे ‘अल्फा बेड’ म्हणतात. ती मूळ गादीवर अंथरली की रुग्ण चार बोटं वर येतो आणि रेलिंग तेवढंच बुटकं पडतं. तिची कड भाराने चटकन दबते. हवेच्या गाद्या आणि कठडे यांच्यामधल्या मृत्यूंवर माइल्स यांनी २००२ मध्ये स्वतंत्र लेख लिहिला होता. ऑनलाइन मिळणारे, साध्या पलंगाच्या गादीखाली खोचायचे कठडे तर आणखी बेभरवशाचे. अशा कठड्यांसाठी अमेरिकेने जुलै २०२३ मध्ये सक्तीचं मानक मंजूर केलं.

आपल्या देशातही सदोष वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या इजांची नोंद ठेवणारी यंत्रणा आहे. ६ जुलै २०१५ पासून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालवला जातो. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. खटका सुटून रेलिंग कोसळलं, नळ्यांत हात अडकला, फटीत पाय गेला, तर ‘पेशंटने हालचाल केली’ असं लिहून फाइल बंद करू नये. रुग्णालयाने तो उपकरणाचा अपघात म्हणून कळवावा आणि नातेवाइकांनी तसा आग्रह धरावा.

वाचकहो, तुमच्या घरचं म्हातारं माणूस उद्या दाखल झालं तर रेलिंगबद्दल जरूर विचारा, पण आधी दुसरं विचारा. खाट पूर्ण खाली करता येते का? संध्याकाळचं लघवीचं औषध दुपारी देता येईल का? रात्री बारा आणि पहाटे चारला कुणी त्यांना स्वच्छतागृहात नेईल का? कॉलबेल हाताशी बांधली आहे का, चष्मा उशाशी आहे का, मंद दिवा चालू राहील का? मग टेप काढा आणि गादी व रेलिंग यांच्यातली फट हाताने गादी दाबून मोजा. ती १२ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त भरली, तर त्या रात्री ते रेलिंग वर करू देऊ नका. खाट खाली घ्या आणि दुसरी खाट मागा.